खिशातला चाकू आणि विमानाची वाट

हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात जेड नावाच्या मौल्यवान दगडाच्या वस्तूंचे एक दालन आहे. तेथे जहांगीर बादशहाचा म्हणून ओळखला जाणारा खंजीर आहे आणि नूरजहान बेगमेची म्हणून ओळखली जाणारी फळे कापण्याची सुरीही आहे. दोहोंच्या मुठी रत्नजडित, दोहोंची पाती धारदार. तरीही पाहणाऱ्याच्या मनात दोन निरनिराळे विचार येतात. खंजिरापुढे उभे राहिले की रणांगण आठवते आणि सुरीपुढे उभे राहिले की आंब्याची फोड आठवते. पोलाद दोन्हीकडे सारखेच असते. भेद असतो तो हेतूचा, आणि हेतू हा पात्यावर कोरलेला नसतो.

याच शहराच्या दक्षिणेस सुमारे चोवीस किलोमीटरांवर शमशाबाद येथे राजीव गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे. तेथील सुरक्षा-तपासणीच्या रांगेत हा भेद पुसला जातो. तेथे खंजीरही थांबवतात आणि फळे कापण्याची सुरीही थांबवतात. मुलाकडे परदेशी निघालेल्या एखाद्या वृद्ध गृहस्थांच्या चंचीतला अडकित्ता असो किंवा शाळकरी मुलाच्या दप्तरातला पेन्सिल तासण्याचा चाकू असो, अधिकारी तो सौम्य शब्दांत पण ठामपणे बाजूला ठेवतो. आजोबांना वाटते, आपला अपमान झाला. या वयात आपल्यावर कोणी संशय घ्यावा काय? वस्तुतः तो संशय त्यांच्यावर नसतोच. तो नियम कसा जन्मला, त्याचा आधार काय आणि त्याच्याशी सुखाने कसे वागावे, हे समजून घेतले तर मनातील कटुता बरीचशी ओसरते.

धारदार वस्तू जवळ बाळगणे ही दख्खनमध्ये कधीच नवलाची गोष्ट नव्हती. बोरूने लिहिण्याच्या काळात प्रत्येक कारकुनाजवळ बोरू तासण्याचा चाकू असे; फारसी दफ्तरांत त्यालाच ‘कलमतराश’ म्हणत. पान खाणाऱ्याच्या चंचीत अडकित्ता असायचाच. शेतकऱ्याच्या कमरेला विळा असे. निजामाच्या फौजेत अरबस्तानातून आलेले शिपाई, ज्यांना मराठवाड्यात ‘चाऊस’ म्हणून ओळखतात, ते कमरेला वाकड्या पात्याचा जंबिया खोवून हिंडत. त्यांचे वंशज आजही हैदराबादच्या बारकस भागात राहतात. ‘बराकीं’चा अपभ्रंश होऊनच त्या वस्तीला हे नाव पडले. जंबिया पाहून वाटेतला माणूस दचकत नसे. हत्यार हे पोशाखाचा एक भाग होते.

विमानप्रवासाच्या आरंभीच्या काळातही हीच वृत्ती टिकून होती. निजाम सरकारच्या रेल्वे खात्याने आणि टाटांच्या विमान कंपनीने मिळून १९४५ साली डेक्कन एअरवेज ही कंपनी स्थापन केली. तिची डाकोटा विमाने बेगमपेटच्या विमानतळावरून उडत. १९५३ साली ही कंपनी राष्ट्रीयीकरणात इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. त्या काळी प्रवाशाच्या सामानाचे वजन काटेकोरपणे होत असे, कारण विमान लहान होते; परंतु त्याचा खिसा तपासणे हा प्रवासाचा भाग नव्हता. विमानात बसणारा मनुष्य तिकिटावरील मुक्कामीच जाऊ इच्छितो, हे गृहीतच धरलेले होते.

या गृहीताला भारतात पहिला मोठा तडा गेला तो ३० जानेवारी १९७१ रोजी. श्रीनगरहून जम्मूला निघालेले ‘गंगा’ नावाचे इंडियन एअरलाइन्सचे फोकर विमान दोघा तरुणांनी लाहोरला पळवून नेले. पुढे उघडकीस आले की, त्यांच्या हातातले पिस्तूल खेळण्यातले होते आणि हातबॉम्ब लाकडाचा होता. प्रवाशांना सुखरूप सोडण्यात आले, पण विमान जाळून टाकण्यात आले. डिसेंबर १९७८ मध्ये लखनौहून दिल्लीला निघालेले विमान पुन्हा खेळण्यातल्या पिस्तुलाच्याच धाकाने वाराणसीकडे वळवण्यात आले. या प्रसंगांनी एक गोष्ट शिकवली. आकाशात शस्त्राच्या खरेपणापेक्षा त्याचा धाक अधिक काम करतो. जमिनीवर चाकू पाहून माणूस पळू शकतो, आरडाओरड करू शकतो, मदतीला चारचौघे धावून येतात. तीस हजार फुटांवरच्या बंद नळकांड्यात पळायला वाट नाही आणि बाहेरून धावून येणारा कोणी नाही. वैमानिकाला शंभर जिवांचा विचार करून निर्णय घ्यावा लागतो. म्हणून आजच्या निषिद्ध वस्तूंच्या यादीत खेळण्यातले पिस्तूलही असते.

पात्याच्या शस्त्रांचा धडा याहून कठोर होता. २९ सप्टेंबर १९८१ रोजी दिल्लीहून श्रीनगरकडे निघालेले विमान पाच जणांनी लाहोरला नेले. त्यांच्या हाती कृपाणे होती. २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीला येणारे विमान कंदाहारला नेण्यात आले. त्या अपहरणात बंदुकांबरोबर सुरेही होते आणि एका नवविवाहित प्रवाशाचा बळी गेला तो सुऱ्याच्या वारांनी. पुढे ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेत चार विमाने एकाच सकाळी ताब्यात घेण्यात आली. त्या देशात तोवर चार इंचांपेक्षा लहान पात्याचा चाकू प्रवाशाला खुशाल जवळ बाळगता येत असे. त्या दिवशीच्या कृत्यासाठी खोकी कापण्याची साधी पाती आणि लहान चाकू यांचा उपयोग झाला, असे चौकशीत दिसून आले. लहान म्हणून निरुपद्रवी मानलेल्या वस्तूने जगाचा इतिहास वळवला. त्या दिवसानंतर खिशातल्या चाकूकडे पाहण्याची दृष्टी बदलली ती कायमचीच.

भारतात या विषयाचे नियम करणारी संस्था म्हणजे नागरी विमानवाहतूक सुरक्षा विभाग, बोलीभाषेत ‘बीसीएएस’. १९७८ च्या जानेवारीत एका समितीच्या शिफारशीवरून तो एक लहान कक्ष म्हणून सुरू झाला. जून १९८५ मध्ये ‘कनिष्क’ हे विमान बॉम्बस्फोटाने अटलांटिक महासागरात कोसळले, आणि त्यानंतर, १ एप्रिल १९८७ पासून, तो स्वतंत्र विभाग झाला. तपासणीच्या जागी गणवेशात उभे असतात ते बहुधा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान. कंदाहारच्या प्रसंगानंतर, फेब्रुवारी २००० मध्ये, जयपूरपासून या दलाकडे विमानतळांची सुरक्षा सोपवण्यास आरंभ झाला. म्हणजे रांगेत जो जवान अडकित्ता बाजूला काढतो, त्याने तो नियम केलेला नाही. त्याच्या पदरी फक्त अंमल आहे. त्याच्याशी वाद घालून नियम बदलत नाही, मागच्या प्रवाशांचा खोळंबा मात्र होतो.

आता प्रत्यक्ष नियम पाहू. तो समजण्यासाठी एक गोष्ट ध्यानात धरावी. विमानात सामानाच्या दोन जागा असतात. एक, प्रवासी बसतो ती कक्षा. तेथे त्याच्याजवळ हातातली पिशवी असते. दुसरी, विमानाच्या पोटातील कोठी. तेथे कंपनीच्या खिडकीवर वजन करून सोपवलेल्या पेट्या जातात. उड्डाणात प्रवाशाचा हात या कोठीपर्यंत पोहोचत नाही. चाकूविषयीचा सारा नियम या एका भेदावर उभा आहे. भारतात चाकू, मग त्याचे पाते कितीही आखूड असो, बसण्याच्या कक्षेत नेता येत नाही. सुटी दाढीची पाती, टोकदार कात्री, खोकी कापण्याचे पाते, बर्फ फोडण्याचा टोच्या, तसेच चाकू, कात्री, स्क्रू फिरवण्याचा पेचकस असे सर्व एकाच मुठीत घडी करून बसवलेले ‘स्विस नाइफ’, हे सारे याच वर्गात पडते. अडकित्ताही धारेचाच असल्याने त्याची गत निराळी होण्याचे कारण नाही. मात्र याच वस्तू कोठीत जाणाऱ्या पेटीत ठेवल्या तर हरकत नसते. अट एवढीच की, पाते म्यानात किंवा जाड कापडात नीट गुंडाळलेले असावे, म्हणजे पेटी उघडून पाहणाऱ्या कर्मचाऱ्याचा हात कापणार नाही.

येथे कोणी विचारील, परदेशात तर लहान चाकू चालतो, मग येथेच का नाही? प्रश्न रास्त आहे. युरोपीय संघाच्या नियमांत सहा सेंटिमीटरांपेक्षा लांब पात्याचे चाकू कक्षेत निषिद्ध आहेत. त्याहून आखूड पाते नेता येते. कॅनडानेही नोव्हेंबर २०१७ पासून सहा सेंटिमीटरांपर्यंतच्या पात्यांना मोकळीक दिली, फक्त अमेरिकेकडे जाणारी विमाने वगळून. या सवलतीमागे विचार असा की, २००१ नंतर वैमानिकाच्या कक्षेची दारे मजबूत करून आतून बंद ठेवण्यात येऊ लागली आहेत. नोव्हेंबर २००३ पासून मोठ्या प्रवासी विमानांना अशी दारे आंतरराष्ट्रीय मानकानुसार बंधनकारक झाली. लहानशा चाकूने ते दार फुटणार नाही आणि विमान ताब्यात येणार नाही. मग तपासनिसांनी आपली नजर स्फोटकांवर अधिक ठेवावी, हे बरे.

अमेरिकेतील अधिकाऱ्यांनाही २०१३ साली हा युक्तिवाद पटला होता. मार्चमध्ये त्यांनी लहान चाकूंना परवानगी देण्याचे जाहीर केले. परंतु विमानातील सेवकवर्गाने त्याला कडाडून विरोध केला. दार बंद राहील आणि वैमानिक सुरक्षित राहील हे खरे. पण दाराच्या अलीकडे प्रवाशांमध्ये वावरणाऱ्या परिचारिकेचे काय? दारूच्या अमलाखाली किंवा रागाच्या भरात कोणी चाकू उपसला तर तिच्या रक्षणाला कोणते दार आहे? या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नव्हते. जून २०१३ मध्ये ती योजना सोडून देण्यात आली. भारताने हा प्रयोग केलाच नाही. १९८१ आणि १९९९ या दोन सालांची आठवण असलेल्या देशाने पट्टी घेऊन पाती मोजत बसण्यापेक्षा सरसकट नकार पत्करला. तपासनिसालाही तो सोपा पडतो. रोज हजारो पिशव्या पाहणाऱ्या माणसाला पाते साडेपाच सेंटिमीटरांचे की साडेसहाचे, असा निवाडा रांगेत उभे राहून करावा लागत नाही.

या सरसकट नियमाला एक अपवाद मात्र आहे, आणि रांगेत तो डोळ्यांपुढे आला की पुष्कळांच्या मनात प्रश्न उभा राहतो. तो अपवाद शीख प्रवाशांच्या कृपाणाचा. हैदराबादमध्ये शिखांची जुनी वस्ती आहे. नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याकडे जाणारे यात्रेकरूही या शहरातून ये-जा करतात. भारतीय संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदात कृपाण धारण करणे हे शीख धर्माच्या आचरणाचे अंग मानले आहे. त्यानुसार, पाते सहा इंचांपेक्षा आणि एकूण लांबी नऊ इंचांपेक्षा अधिक नसेल तर, शीख प्रवाशाला भारतीय विमानातून देशातल्या देशात प्रवास करताना कृपाण अंगावर ठेवता येते. मार्च २०२२ मध्ये हा नियम पुन्हा स्पष्ट शब्दांत मांडला गेला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याविरुद्धची याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने फेटाळली. देशाबाहेर जाणाऱ्या विमानात मात्र ही मुभा नाही. एकाला मिळालेली सूट दुसऱ्याला पक्षपात वाटणे स्वाभाविक आहे. परंतु फळे कापण्याची सुरी पेटीत ठेवल्याने कोणाचा धर्म भंगत नाही. कृपाण अंगावरून उतरवल्याने श्रद्धावानाचा नेम भंगतो. कायद्याने हा फरक ओळखला आणि लांबीची मर्यादा घालून दोन्ही बाजूंचा तोल सांभाळला. तो तोल कोठे असावा याविषयी मतभेद राहतील. तो वाद न्यायालयात आणि विधिमंडळात व्हावा, रांगेत नव्हे.

तपासणीचे यंत्रही समजून घेण्यासारखे आहे. पिशवी पट्ट्यावरून आत सरकते आणि क्ष-किरण तिच्यातून आरपार जातात. कोणत्या वस्तूने किती किरण शोषले यावरून पडद्यावर रंग उमटतात. कापड, कागद, अन्न यांसारखे सेंद्रिय पदार्थ नारिंगी दिसतात. धातू निळे दिसतात. चाकू आडवा असेल तर त्याची आकृती तत्काळ ओळखू येते. तो उभा असेल तर केवळ एक बारीक निळी रेघ दिसते. त्या रेघेचा संशय आला की पिशवी पुन्हा फिरवतात किंवा उघडतात. म्हणूनच स्टीलचे डबे, तारा, चार्जर आणि चाव्यांचे जुडगे एकावर एक कोंबलेली पिशवी हमखास अडते. तिच्यात चाकू असतोच असे नाही, पण तो नाही हे यंत्राला सांगता येत नाही. पूर्वी तपासलेल्या पिशवीच्या चिठ्ठीवर शिक्का मारत. १ एप्रिल २०१७ पासून हैदराबादसह सात विमानतळांवर ती पद्धत बंद झाली.

समजा, चाकू सापडलाच. तेव्हा प्रवाशापुढे तीन वाटा असतात. विमान सुटण्यास अवकाश असेल तर परत कंपनीच्या खिडकीवर जाऊन तो कोठीच्या सामानात देण्याची विनंती करता येते. निरोप द्यायला आलेले कोणी बाहेर थांबलेले असेल तर परवानगीने त्याच्या हवाली करता येतो. हे दोन्ही न जमले तर तो तेथेच सोडावा लागतो, आणि सोडलेली वस्तू परत मिळेल अशी आशा धरू नये. खरी गोम येथेच आहे. पेटी खिडकीवर आधीच दिलेली असते आणि ती पट्ट्यावरून आत निघून गेलेली असते. हातात उरलेली पिशवी हीच शेवटची जागा, आणि तेथे चाकूला जागा नाही. पाच रुपयांचे पाते गेले तर कोणी हळहळत नाही. पण वडिलांच्या हातचा, मूठ झिजलेला चाकू केवळ विसरभोळेपणाने त्या डब्यात टाकावा लागला तर ती रुखरुख बराच काळ राहते. विसरून आणलेल्या चाकूबद्दल सहसा एवढ्यावरच भागते. मात्र वस्तू लपवण्याचा प्रयत्न करणे किंवा हुज्जत घालणे अंगाशी येऊ शकते. शिकारीच्या जुन्या जाकिटात राहून गेलेले एखादे काडतूस निघाले, तर प्रकरण थेट पोलिसांकडे आणि १९५९ च्या शस्त्र अधिनियमाकडे जाते.

परदेशाहून येणाऱ्यांनी आणखी एक सावधगिरी बाळगावी. युरोपातील एखाद्या विमानतळावर पाच सेंटिमीटरांचा चाकू कोणी अडवला नाही, म्हणून तो हैदराबादला उतरून पुढे नागपूरच्या किंवा पुण्याच्या विमानात चालेल असे नाही. प्रत्येक तपासणी त्या त्या देशाच्या नियमाने होते. उलट बाजूनेही तेच. कोठीतून कायदेशीरपणे नेलेला चाकू उतरल्यावर खिशात घालून फिरणे सगळीकडे मान्य नसते. जपानमध्ये सहा सेंटिमीटरांहून लांब पात्याचा चाकू सबळ कारणावाचून जवळ बाळगणे हा गुन्हा आहे. ब्रिटनमध्ये तीन इंचांपर्यंतच्या, घडी होणाऱ्या आणि खिटी नसलेल्या चाकूलाच सर्वसाधारण मुभा आहे.

या बदलाची झळ चाकू बनवणाऱ्यांनाही लागली. १८८४ साली स्वित्झर्लंडमध्ये सुरू झालेली व्हिक्टोरिनॉक्स ही कंपनी आपल्या लाल मुठीच्या चाकूसाठी जगभर प्रसिद्ध. विमानतळांवरील दुकाने ही तिची हुकमी बाजारपेठ होती. २००१ नंतर ती जवळजवळ एका रात्रीत आटली. घड्याळे आणि प्रवासी पेट्या यांवर भर देऊन कंपनीने तग धरला. २०२४ साली तिने पाते नसलेल्या उपकरणाचा विचार चालू असल्याचे सांगितले. पाते नसलेला चाकू ही कल्पना ऐकून हसू येते खरे. पण काळाच्या गतीची साक्ष त्याहून चांगली कोणती द्यावी?

प्रवाशाने करावयाचे ते थोडकेच आहे. हातात नेण्याची पिशवी आदल्या रात्री पूर्ण रिकामी करून, उलटी झटकून मगच भरावी. रोज मंडईत किंवा शेतावर नेण्याची पिशवी विमानात नेऊच नये; तिच्या कोपऱ्याकप्प्यांत काय दडले आहे हे तिच्या मालकालाही ठाऊक नसते. चाव्यांच्या जुडग्याला लटकवलेले इवलेसे पाते आठवणीने काढावे. शिवणाच्या डब्यातली कात्री, दाढीची पाती, पानाच्या साहित्यातला अडकित्ता ही मंडळी गुंडाळून थेट पेटीत जावीत. पेटी नेणारच नसल्यास त्यांना घरी ठेवावे. वृद्ध माणसांना हे आधी समजावून सांगावे. अनोळखी गर्दीत, गणवेशातल्या माणसाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकण्यापेक्षा घरच्या माणसाकडून ऐकलेले मनाला कमी लागते.

बारकसच्या चाऊसाचा जंबिया, कारकुनाचा कलमतराश आणि नूरजहानची सुरी यांनी कोणे काळी निर्वेध प्रवास केला, कारण त्यांच्या धन्याची ओळख वाटेवर सर्वांना होती. विमानात शेजारी बसणारा माणूस अनोळखी असतो. त्याचा हेतू वाचता येत नाही, तसा आपलाही त्याला वाचता येत नाही. म्हणून दोघांनीही आपापले पाते काही तासांपुरते कोठीत ठेवायचे आणि मग निर्धास्तपणे डोळे मिटायचे, एवढाच या नियमाचा अर्थ आहे. मुक्कामी उतरल्यावर पेटी उघडावी. अडकित्ता जागच्या जागी असतो आणि सुपारी तेथेही कातरता येते.